गाडीची गोष्ट नंतर, आधी गाडीचा नंबर

(या भागाचा लेखी मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली काही वाक्यं थोडी नीट केली आहेत.)

आजचा विषय आहे जुन्या अमेरिकन गाड्या आणि त्यांच्या विक्रीच्या जाहिराती. झोपण्याआधी लोक रील्स बघतात, मी या जाहिराती वाचतो. मस्टँग, कॅमॅरो, शेव्हेल, जीटीओ, बॅराकुडा. विकत घेण्याची ऐपत नाही, पार्किंगही नाही. पण वाचायला पैसे लागत नाहीत.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. कामानिमित्त दोन वर्षं मिशिगनमध्ये होतो, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय या गावात. तिथं ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून चालू आहे. आपल्याकडे पालखी बघायला लोक रस्त्याच्या कडेला बसतात ना, तसे तिथं घडीच्या खुर्च्या टाकून लोक दिवसभर गाड्या बघत बसतात. बऱ्याच गाड्यांच्या काचेला आतून एक कागद लावलेला असतो: 'विकणे आहे'. खाली फोन नंबर, आणि त्याखाली गाडीची गोष्ट.

या गोष्टीबद्दलच आज बोलायचंय. जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? हे मॉडेल कधी आलं, कुणी बनवलं, कुठली शर्यत जिंकलं, कुठल्या सिनेमात दिसलं. ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण तो मॉडेलचा इतिहास झाला. समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा इतिहास वेगळा असतो, आणि पैसे आपण त्या एका गाडीचे देतो. या दोन इतिहासांमधला फरक कळला नाही तर माणूस लाखो रुपयांना बुडतो. आणि तो कळायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे गाडीवरचा नंबर.

आपल्या आरसीवर चासी नंबर असतो, तसाच तिकडचा व्हिन. आजकाल तो १७ अक्षरांचा असतो, पण हा नियम १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती. फोर्डचं वेगळं, जनरल मोटर्सचं वेगळं, क्रायस्लरचं तिसरंच. त्यामुळे १९६० च्या दशकातल्या गाडीचा व्हिन ऑनलाइन चेकरमध्ये टाकला की 'इनव्हॅलिड' येतं, आणि नवीन माणूस घाबरतो. घाबरू नका. तो नंबर हातानंच वाचायचा असतो, आणि ते अवघड नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी स्ट्रिंग पार्सिंग केलेल्या कुणालाही जमेल.

आधी एक प्रश्न. या गाड्यांमध्ये एवढा घोळ होतो कशामुळे? कारण त्या विकल्या कशा जायच्या ते बघा. आपल्याकडे तीन-चार व्हेरियंट असतात: बेस, मिड, टॉप. तेव्हाच्या डेट्रॉइटमध्ये गिऱ्हाईक डीलरकडे बसून भल्यामोठ्या ऑप्शनच्या यादीवर खुणा करायचं. इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, ॲक्सल कुठला, रेडिओ हवा का, पट्टे हवेत का. त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीत सहा सिलिंडरचं गरीब बिचारं इंजिन असायचं आणि दुसरीत शर्यतीच्या तोडीचं व्ही-एट. पत्रा तोच, दारं तीच. आज पहिली कुणी तरी हौसेनं ठेवतं आणि दुसरीसाठी लिलावात लोक भांडतात. मग पहिलीला दुसरीचे बिल्ले लावायचा मोह होणारच ना? बिल्ले, पट्टे, सीट कव्हर, सगळं आज नवं कोरं विकत मिळतं.

आता गाड्या एकेक करून घेऊ.

मस्टँग

फोर्ड मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ ला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये. किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. खालचा सांगाडा फोर्डच्याच फाल्कन या साध्यासुध्या गाडीचा, वर अंगरखा तरुणांच्या आवडीचा. पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० ऑर्डर आल्या. मार्च १९६६ पर्यंत दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या. म्हणजे मस्टँग ही दुर्मीळ गाडी नाही. 'दुर्मीळ मस्टँग' असं लिहिलेलं दिसलं की विचारा, नेमकं काय दुर्मीळ?

तिचा नंबर कसा असतो बघा. मस्टँगमध्ये अनुक्रमांक एकची गाडी घेऊ: ५-एफ-०८-एफ-१००००१. पहिला ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल वर्ष. पुढचं एफ म्हणजे मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचा कारखाना. तिथं आर असता तर कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, टी असता तर न्यू जर्सीतलं मेटचन. ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, उघड्या टपाची. ०७ हार्डटॉप, ०९ फास्टबॅक. त्यापुढचं अक्षर इंजिनाचं, इथं एफ म्हणजे २६० क्युबिक इंचाचं व्ही-एट. शेवटी १००००१, कारण मोजणी तिथूनच सुरू व्हायची.

या गाडीची गंमत अशी की ती विकायचीच नव्हती. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये सेंट जॉन्स इथल्या डीलरकडे ती दाखवायला म्हणून पाठवली होती. तिथं स्टॅनली टकर नावाच्या वैमानिकानं ती लाँचच्या तीन दिवस आधीच विकत घेतली. फोर्डला ती परत हवी होती. टकरनं ती दिली, पण बदल्यात फोर्डनं त्याला दहा लाखावी मस्टँग दिली. पहिली गाडी आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. तिच्यात रंगाचं, इंजिनाचं काही विशेष नाही. विशेष आहे तो शेवटचा एक.

आता याचा जाहिरातीत उपयोग कसा करायचा? समजा लिहिलंय, '१९६५ मस्टँग जीटी, ओरिजिनल'. जीटी हे पॅकेज होतं, त्याची खूण व्हिनमध्ये नसते. पण १९६५ आणि ६६ मध्ये जीटी पॅकेज फक्त २८९ क्युबिक इंचाच्या चार बॅरल कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांसोबतच मिळायचं. त्यांची अक्षरं ए आणि के. के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं, सगळ्यात तगडं. म्हणून नंबरात इंजिनाच्या जागी सी किंवा टी दिसला, की ती गाडी कारखान्यातून जीटी म्हणून निघालेली नाही. धुक्याचे दिवे, पट्टे, बिल्ले सगळं असलं तरी नाही. एक अक्षर वाचलं, निकाल लागला.

जीटीओ, आणि माझ्या मित्राची खरेदी

पाँटिॲक जीटीओचा जन्मच मुळात नियमातल्या पळवाटेतून झाला. जनरल मोटर्सनं स्वतःच्या सगळ्या ब्रँडवर बंधन घातलं होतं की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिॲकचे इंजिनिअर, जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी, यांनी १९६४ मध्ये शक्कल काढली. मॉडेल म्हणून आणलं तर वरून मंजुरी लागणार. मग मॉडेल म्हणायचंच नाही! लमान्स या गाडीवरचा 'ऑप्शन' म्हणून ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन द्यायचं. त्या वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या आणि बंधन घालणारे गप्प बसले.

या पळवाटेचा परिणाम आजच्या गिऱ्हाइकाला भोगावा लागतो. १९६४ आणि ६५ मध्ये जीटीओ हा ऑप्शन होता, म्हणून व्हिनची सुरुवात साध्या लमान्ससारखीच, १९६५ मध्ये २३७. नंबर बघून जीटीओ की लमान्स ते कळत नाही. १९६६ मध्ये ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि तिला स्वतःचा आकडा मिळाला, २४२. हे १९७१ पर्यंत चाललं. १९७२ ला ती परत ऑप्शन झाली. थोडक्यात, १९६६ ते ७१ ची जीटीओ असेल तर नंबर २४२ नंच सुरू व्हायला हवा.

ट्रॉयमध्ये माझ्यासोबत काम करणारा एक मित्र होता, मूळचा साताऱ्याचा. त्याला अशी गाडी घ्यायचीच होती. पाच वर्षं पैसे साठवत होता. ओहायोतल्या एका छोट्या गावातली जाहिरात त्याला सापडली: १९६६ जीटीओ, ३८९ इंजिन, फोर-स्पीड, निळी. खाली तीन परिच्छेद डीलोरियन आणि पळवाटेची कहाणी. फोटो चाळीस. पण नंबरच्या पट्टीचा एकही नाही. १९६८ च्या आधीच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असते, दार उघडल्याशिवाय दिसत नाही. मी त्याला म्हटलं, फोटो मागव.

फोटो आला. २३७.

मित्र म्हणाला, फसवतोय म्हातारा. मला तसं वाटलं नाही. फसवणाऱ्यानं फोटो पाठवलाच नसता. आम्ही फोन केला. त्या काकांनी ती गाडी वीस वर्षांपूर्वी जीटीओ म्हणूनच घेतली होती, तेव्हाच्या जीटीओच्या भावानं. तीच कहाणी त्यांना कुणीतरी सांगितली होती, तीच ते आम्हाला सांगत होते. आम्ही २३७ चा अर्थ सांगितला तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, मी दर उन्हाळ्यात या गाडीसमोर खुर्ची टाकून लोकांना जीटीओची माहिती देत आलोय.

खात्रीसाठी मित्रानं कागद मागवला. पाँटिॲकच्या गाड्यांसाठी एक फार चांगली सोय आहे: पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस. व्हिन कळवायचा, फी भरायची, की कारखान्याच्या जुन्या नोंदीतून त्या गाडीच्या मूळ बिलाची प्रत मिळते. बिलावर लमान्स, ३२६ क्युबिक इंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. निळा रंग तेवढा मूळचा.

काकांनी जाहिरात स्वतःहून बदलली: 'लमान्स, जीटीओसारखी केलेली'. किंमत बरीच खाली आणली. तीन आठवडे कुणी आलं नाही. मग माझ्याच मित्रानं ती घेतली, लमान्सच्या भावानं. गाडी उत्तम आहे, पळते झकास. त्यानं जीटीओचे बिल्ले काढून ठेवलेत. कुणी विचारलं की सांगतो, लमान्स आहे, इंजिन नंतर बसवलंय.

मला यातून एक गोष्ट लख्ख दिसली. अशा गाडीतलं खोटं एका हातातून दुसऱ्या हातात सरकत राहतं. पहिल्यानं मुद्दाम केलेलं असतं, पुढचे भाबडेपणानं पुढे ढकलतात. आणि ज्याच्या हातात असताना कुणीतरी नंबर वाचतं, सगळं नुकसान त्याच्या पदरी पडतं. इथं ते एका निवृत्त माणसाच्या पदरी पडलं. त्यानं वीस वर्षांपूर्वी पाच मिनिटं दिली असती तर हे टळलं असतं.

नंबर जिथं गप्प बसतो

आता जरा अवघड प्रकार. शेवर्ले.

शेव्हेल सुपर स्पोर्ट, म्हणजे एसएस. १९६६ ते ६८ मध्ये एसएस ३९६ हे स्वतंत्र मॉडेल, नंबरची सुरुवात १३८. झालं सोपं. १९६९ पासून एसएस ऑप्शन झाला. १९७० ची शेव्हेल एसएस ४५४, तिच्यातलं एलएस-सिक्स हे ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन, ही त्या काळातली सगळ्यात प्रसिद्ध गाडी म्हणा. आणि नेमका तिचाच व्हिन १३६ नं सुरू होतो, शेजारच्या काकूंच्या मालिबूसारखा. एसएसची कुठलीही खूण नाही.

कॅमॅरोचंही तेच. ती आली २९ सप्टेंबर १९६६ ला, १९६७ चं मॉडेल म्हणून, मस्टँगला उत्तर द्यायला. व्हिनमध्ये कळतं ते एवढंच: सहा सिलिंडर की व्ही-एट, कूपे की कन्व्हर्टिबल, ओहायोतल्या नॉरवुडचा कारखाना की लॉस एंजेलिसचा. एसएस नाही, झेड-ट्वेंटीएट नाही. १९६७ मध्ये झेड-ट्वेंटीएट फक्त ६०२ बनल्या. तिच्यात मुद्दाम ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन बसवलं, कारण ट्रान्स-ॲम शर्यतीत ३०५ ची मर्यादा होती. आज बाजारात त्या वर्षीच्या किती झेड-ट्वेंटीएट फिरत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

अशा वेळी कागद शोधायचा. कारखान्यात प्रत्येक गाडीसोबत एक बिल्ड शीट फिरायची, कुठला भाग बसवायचा हे कामगाराला कळावं म्हणून. काम झालं की ती फेकून द्यायची. पण बऱ्याचदा कामगार ती पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचून मोकळे व्हायचे. पन्नास वर्षांनी सीट उघडली की आतून हा पिवळा, उंदरांनी कुरतडलेला कागद निघतो आणि मालकाचं नशीब उघडतं. ज्यांच्यासाठी तो कचरा होता, त्यांना कल्पनाही नसेल.

फोर्डचं बरं आहे. १९६७ पासूनच्या फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी केव्हिन मार्टी यांच्याकडे आहेत, फोर्डच्या परवान्यानं. व्हिन दिला की 'मार्टी रिपोर्ट' मिळतो: कुठल्या दिवशी बनली, कुठल्या डीलरकडे गेली, कुठले ऑप्शन होते. १९६७ नंतरची महागडी मस्टँग विकणारा हा रिपोर्ट दाखवत नसेल तर आधी तो मागा.

आणि क्रायस्लरवाले सगळ्यात सरळ. १९७० च्या प्लिमथ बॅराकुडाचा व्हिन घ्या. पहिलं अक्षर बी म्हणजे बॅराकुडा, दुसरं एस म्हणजे तिची तिखट आवृत्ती 'कुडा', मग दोन आकडे बॉडीचे, आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. तिथं आर असेल तर ४२६ क्युबिक इंचाचं हेमी. हेमीवाली कुडा कन्व्हर्टिबल १९७१ मध्ये अवघ्या ११ बनल्या. त्यातली एक २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. मूळची साधी बॅराकुडा आणि ही, यांच्यातला फरक त्या एका अक्षरात आहे.

जाहिरातीतले शब्द

आता काही शब्द, जे वारंवार दिसतात.

'मॅचिंग नंबर्स'. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स मूळचेच आहेत. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६८ पासून इंजिनाच्या ब्लॉकवरही व्हिनचा काही भाग ठोकलेला असतो, तो जुळला पाहिजे. पण लबाड लोक तो भाग घासून नवा नंबर ठोकतात. त्यामुळे ब्लॉक ओतल्याची तारीखही बघायची, ती ब्लॉकवर उठावात असते. गाडी मार्चमध्ये बनली आणि ब्लॉक मे महिन्यात ओतला, असं कसं होईल?

'ट्रिब्यूट' किंवा 'क्लोन'. म्हणजे दुसऱ्या भारी मॉडेलसारखी केलेली. हे शब्द स्पष्ट लिहिणारा विक्रेता प्रामाणिक. अशा गाड्यांत काही वाईट नाही, चालवायला तर उलट बऱ्या, ओरखड्याची धास्ती नाही. किंमत तेवढी त्या हिशोबानं द्यायची.

'सर्व्हायव्हर'. कधी रंग न काढलेली, जशी होती तशी. 'बार्न फाइंड' म्हणजे धान्याच्या कोठारात वर्षानुवर्षं पडून असलेली. त्यावरची धूळ खरी की फोटोसाठी राखलेली, ते आपण ठरवायचं. 'रेस्टोमॉड' म्हणजे बाहेरून जुनी, आतून नवी: नवं इंजिन, एसी, डिस्क ब्रेक. तिथं मूळ नंबरला फारसं महत्त्व नसतं.

'कॅलिफोर्निया कार', 'ॲरिझोना कार'. म्हणजे कोरड्या हवेतली, गंज नसलेली. मिशिगन-ओहायोकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळायला. ते मीठ पत्रा खातं. मग त्यावर पुटी भरून चकाचक रंग मारतात. जुनी युक्ती: खिशात छोटं चुंबक ठेवा, कापडात गुंडाळून चाकांच्या वरच्या आणि दाराच्या खालच्या भागावर फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी पुटी आहे. फक्त कॉर्वेटवर हा प्रयोग करून घाबरू नका, तिची बॉडी फायबरग्लासची असते, चुंबक कुठंच चिकटत नाही.

कॉर्वेटवरून आठवलं, मॉडेलचा इतिहास अगदीच निरुपयोगी नाही बरं का. १९५३ मध्ये कॉर्वेट पहिल्यांदा आली तेव्हा फक्त ३०० बनल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचं आतलं अंग लाल. म्हणून '१९५३ कॉर्वेट, काळा ओरिजिनल रंग' असं दिसलं, की पुढे वाचायची गरज नाही. मॉडेलचा इतिहास 'काय असूच शकत नाही' ते सांगतो. 'ही गाडी काय आहे' ते मात्र नंबर आणि कागद सांगतात.

आणि एक आकडा फसवतो: हॉर्सपॉवर. १९७० ची शेव्हेल ४५४ बघितली तर ४५०, १९७२ ची ४५४ बघितली तर २७०. दोन वर्षांत इंजिन एवढं खंगलं का? थोडं खंगलं, कारण प्रदूषणाचे नियम येत होते आणि जनरल मोटर्सनं १९७१ मध्ये कॉम्प्रेशन कमी केलं. शिवाय १९७० ची ४५० वाली ही वरच्या दर्जाची एलएस-सिक्स होती, ती ७२ मध्ये मिळतच नव्हती. पण मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा. आधी इंजिन गाडीबाहेर, सगळी जोडणी काढून मोजायचे. १९७२ पासून पंखा, सायलेन्सर सगळं लावून मोजायला लागले. एकक तेच, मोजमाप वेगळं. डेटावाल्यांना हे दुखणं चांगलंच माहीत असेल.

दोन हिरव्या मस्टँग

एवढं सगळं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का, असं वाटत असेल तर हे ऐका.

१९६८ च्या 'बुलिट' या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीन हिरवी मस्टँग फास्टबॅक सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरून पळवतो. शूटिंगला दोन गाड्या होत्या, लागोपाठच्या नंबरांच्या. एकीचा नंबर ८-आर-०२-एस-१२५५५९. आता तुम्हीच वाचा: १९६८, सॅन होजे, फास्टबॅक (त्या वर्षी फास्टबॅकचा आकडा ०२ होता), आणि एस म्हणजे ३९० क्युबिक इंचाचं इंजिन. ही गाडी १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबानं मासिकातली जाहिरात वाचून ६,००० डॉलरला घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. १९७७ मध्ये मॅक्वीननं पत्र लिहून ती परत मागितली. त्यांनी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती विकली गेली, फी धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला. रंग उडालेला, पत्र्याला पोचे, गंज. तिला कुणी चमकवलं नव्हतं. नंबर होता, कागद होते, ते पत्र होतं.

आणि दुसरी? १२५५५८. ती मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात भंगारात सापडली. ज्यानं घेतली त्याला तिची दुसऱ्याच एका सिनेमातल्या प्रसिद्ध मस्टँगची नक्कल करायची होती. काम सुरू होणार तेवढ्यात नंबर तपासला गेला, २०१७ मध्ये केव्हिन मार्टी यांनी स्वतः जाऊन खात्री केली, आणि कळलं की आपण अस्सल वस्तूची नक्कल करायला निघालो होतो.

आपल्याकडचं काय?

बरेच जण विचारतील, अशा गाड्या आपल्याकडे नाहीत का? मसल कार फारशा नाहीत, पण त्याआधीच्या अमेरिकन गाड्या आहेत, आणि काही तर मुंबईतच जोडलेल्या आहेत. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. नंतर वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्यानं डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. त्यातली डॉज किंग्जवे आजही कुठं लग्नाच्या वरातीत किंवा व्हिंटेज रॅलीत दिसते. नाव डॉज, पण ती मुळात प्लिमथवर बेतलेली, अमेरिकेबाहेर विकायला डॉजचं नाव लावलेली गाडी. म्हणजे बिल्ला एक आणि आतली गाडी दुसरी हा प्रकार इथं खुद्द कंपनीनंच केला होता, राजरोसपणे.

आपल्याकडे २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. त्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात, आणि गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. तुमच्या आजोबांच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या शेडमध्ये अशी गाडी असेल, तर तिचं जुनं आरसी बुक, टॅक्स टोकन, गॅरेजची बिलं, काहीही फेकू नका. रद्दीवाल्यासाठी तो कागद असतो, गाडीसाठी जन्मदाखला.

शेवटी आमच्या भाषेत सांगतो. जाहिरात म्हणजे रीडमी फाइल. लिहिणाऱ्याला जे वाटतं ते त्यात असतं. नंबर, बिल्ड शीट, जुनं बिल म्हणजे कमिट हिस्टरी, प्रत्यक्ष जे झालं ते. दोन्हींत फरक दिसला तर विश्वास कुणावर ठेवायचा, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आजचा गृहपाठ. रात्री एखादी जाहिरात उघडा, १९६५ ते ७२ मधली कुठलीही अमेरिकन गाडी. आधी व्हिन दिलाय का बघा. दिला असेल तर कागदावर लिहून एकेक अक्षर फोडा: वर्ष, कारखाना, बॉडी, इंजिन. मग वरचं शीर्षक वाचा आणि दोन्ही जुळतंय का ते पडताळा. नंबर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही लिहा. जे सांगत नाही त्यासाठी विक्रेत्यानं कागद दिलाय का, ते शोधा. दहा जाहिराती केल्यात की डोळा बसेल. ही सवय उद्या सेकंडहँड बाइक किंवा जुना फोन घेतानाही उपयोगी पडेल.

काय सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात बोलू त्या काळातल्या इंजिनांच्या आवाजाबद्दल, तेव्हा हेडफोन लावूनच ऐका. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू!